दुचाकीचा परवाना आणि तीस दिवसांचा गृहपाठ

परीक्षा म्हटली कीं आपल्या घरांतून एक प्रकारचें गांभीर्य आपोआप उत्पन्न होतें. मुलाची शालान्त परीक्षा जवळ आली म्हणजे दूरचित्रवाणीचा आवाज उतरतो, पाहुण्यांस "सुट्टींत या" असें हळूच सुचविलें जातें, आणि आजी देवापुढें एक निरांजन अधिक लावते. परंतु ज्या एका परीक्षेंतील चुकीचें प्रायश्चित्त गुणपत्रिकेवर न उमटतां हाडांवर व मस्तकावर उमटतें, तिला आपण परीक्षा समजतच नाहीं. मोटारसायकल किंवा स्कूटर चालविण्याच्या परवान्यासाठीं परिवहन खात्याच्या अधिकाऱ्यासमोर द्यावयाची प्रात्यक्षिक परीक्षा ही ती होय. "एकदां पेणला जाऊन यावयाचें, सह्या करावयाच्या, आणि कार्ड घरीं आलें म्हणजे झालें," असें म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ आमच्या पेण-रोह्याकडे थोडे नाहींत. ह्या समजुतींत काय चुकतें आणि ही परीक्षा घरच्या माणसांच्या साह्यानें नीट कशी द्यावी, हें सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच.

'परवाना' हा शब्द आपल्याकडे फारशींतून आला. सरकारी मराठींत त्यास 'अनुज्ञप्ति' म्हणतात. कानास हा शब्द जड लागला तरी अर्थानें तो मोठा मार्मिक आहे. त्याच्या मुळाशीं 'ज्ञा' म्हणजे जाणणें हा धातु आहे. गुरुगृहींचें अध्ययन संपवून घरीं परतणारा शिष्य गुरूची अनुज्ञा घेऊन निघत असे. त्याला विद्या आली अशी गुरूची खात्री झाली, एवढाच त्या अनुज्ञेचा अर्थ. जाणल्यावांचून अनुज्ञा नाहीं, हा संबंध शब्दांतच आहे. परवान्याचा अर्ज ज्या सरकारी संगणक-व्यवस्थेंतून करावयाचा तिला 'सारथी' असें नांव दिलेलें आहे, हेंहि यथार्थच म्हणावयाचें. कठोपनिषदांत शरीराला रथ, बुद्धीला सारथि, मनाला लगाम व इंद्रियांना घोडे कल्पिलें आहे. अठरा वर्षांच्या तरुणाच्या हातीं मोटारसायकल येते तेव्हां हें रूपक रूपक उरत नाहीं.

परवाना आणि परीक्षा ह्यांची गांठ मात्र सर्वत्र प्रारंभापासून पडलेली नव्हती. इंग्लंडांत १९०३ च्या कायद्यानें मोटारचालकास परवाना आवश्यक झाला, परंतु तो शुल्क भरून मिळे. चालवितां येतें कीं नाहीं हें कोणी पाहत नसे. १९३४ साली त्या देशांत रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि पुढच्याच वर्षीं, १९३५ साली, नव्या चालकांस परीक्षा सक्तीची करण्यांत आली. आपल्या देशांत मोटारगाड्यांचा अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला. त्याची जागा १९३९ च्या कायद्यानें घेतली. आणि सध्यांचा मोटार वाहन कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलांत आहे. तात्पर्य, ही परीक्षा कोणा कारकुनाच्या हौसेखातर निघालेली नाहीं. ती प्रेतांच्या हिशेबावरून निघालेली आहे.

तो हिशेब आजहि मिटलेला नाहीं. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ ह्या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांनीं १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्यांपैकीं ७४,८९७ दुचाकीवरील होतीं. म्हणजे दर शंभरांत सुमारें चव्वेचाळीस. ज्या घरांतून दोन तरी दुचाक्या अंगणांत उभ्या असतात, त्या घरानें हा आंकडा वर्तमानपत्रांतील मजकूर म्हणून वाचून सोडून देणें शहाणपणाचें नव्हे.

आतां अधिकाराचा प्रश्न. मोटारसायकलच्या परवान्यासाठीं वयाचीं १८ वर्षें पूर्ण झालेलीं असावीं लागतात. १६ वर्षें पूर्ण झालेल्यांस पालकाच्या संमतीनें एक सवलत आहे. परंतु ती ५० सी.सी.पर्यंतच्या इंजिनाच्या गाडीपुरती. कायनेटिक कंपनीनें १९७२ साली बाजारांत आणलेली 'लूना' ही तशा गाडीचें उदाहरण होतें, आणि तिच्यावरून शिकवणीस जाणाऱ्या मुलांची एक पिढी आपण पाहिली. आज घरोघरीं दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटरी शंभर सी.सी.च्या वरच्या असतात. त्यांस ही सवलत लागू नाहीं, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांतच येत नाहीं. विजेच्या दुचाक्यांतहि, जिची मोटार २५० वॅटच्या व वेग ताशीं २५ किलोमीटरच्या आंत आहे अशा गाडीलाच परवान्याची माफी आहे. बाकीच्यांस परवाना हवाच. शिवाय गिअरची व बिनगिअरची असे दोन वर्ग कायद्यानें वेगळे मानले आहेत. बिनगिअरच्या स्कूटरीवर परीक्षा दिलेल्यानें थोरल्या भावाची गिअरची मोटारसायकल बाहेर काढली, तर तो परवाना त्या गाडीपुरता नसल्यासारखाच होय.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातीं गाडीची किल्ली देणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं आणखी एक कलम वाचून ठेवावें. २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनें कायद्यांत कलम १९९-अ घालण्यांत आलें. त्याअन्वयें अल्पवयी मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. त्यास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठीं रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. आपल्या नकळत किंवा आपण सर्व काळजी घेतली असतांहि हें घडलें, असें सिद्ध करण्याचा भार पालकावरच आहे. एकत्र कुटुंबांत किल्ली खुंटीवर लटकत असते, गाडी काकाच्या नांवावर असते, आणि "मी दिली नाहीं, त्यानें घेतली" असें प्रत्येकजण म्हणतो. कायदा असें म्हणूं देत नाहीं. किल्ली कोणाच्या ताब्यांत असावी हें घरानें एकदां बसून ठरवावें.

परवान्याच्या मार्गांत दोन परीक्षा आहेत. पहिली शिकाऊ परवान्याची. तींत रस्त्यावरील चिन्हें, नियम, अपघात झाल्यास चालकाचें कर्तव्य, फाटक नसलेल्या रेल्वेमार्गावरून जातांना घ्यावयाची सावधगिरी, जवळ बाळगावयाचीं कागदपत्रें असे विषय असतात, आणि निदान साठ टक्के उत्तरें बरोबर यावीं लागतात. महाराष्ट्रांत २०२१ पासून ही परीक्षा आधारच्या ओळखीवर घरबसल्याहि देतां येऊं लागली. सोय उत्तम आहे. परंतु मुलाच्या खुर्चीमागें उभें राहून उत्तरें कुजबुजणारा काका त्याचा हितकर्ता नव्हे. गोल पाटीवरचें चिन्ह आज्ञा देतें, त्रिकोणी पाटीवरचें सावध करतें, हें ज्यास परीक्षेच्या दिवशीं काकानें सांगितलें, त्याला नागोठण्याच्या वळणावर तें कोण सांगणार?

दुसरी परीक्षा प्रात्यक्षिक. शिकाऊ परवाना हातीं आल्यावर निदान ३० दिवस गेल्याखेरीज तिला बसतां येत नाहीं, आणि तो परवाना ६ महिने चालतो. ह्या तीस दिवसांविषयींच मला विशेष सांगावयाचें आहे. बहुतेकांच्या मतें ते वाट पाहण्याचे दिवस. तारीख येईपर्यंत ते कसेतरी काढावयाचे. खरें पाहतां कायद्यानें ते अभ्यासासाठीं दिलेले आहेत. अधिकारी उमेदवारास पाहतो तो कांहीं मिनिटेंच. एका दिवसांत कितीतरी उमेदवार त्याच्या समोरून जातात. त्या मिनिटांत माणसाचा हात कसा आहे हें कळेल, पण त्याची वृत्ति कशी आहे, घाईंत, पावसांत, मित्र मागें बसला असतां तो कसा वागेल, हें कळणें दुर्घट. तें पाहण्याची संधि घरालाच असते, आणि ती ह्या तीस दिवसांत असते. घर हेंच खरें परीक्षा-मंडळ. परिवहन कार्यालय त्याच्या निकालावर शिक्का मारतें.

शिकण्याच्या काळांत गाडीच्या पुढें व मागें पांढऱ्या पाटीवर तांबड्या रंगांत इंग्रजी 'एल' अक्षर लावावें लागतें. पाटी १८ सेंटिमीटर चौरस असते. मोटारसायकलवर शिकतांना, ज्याच्यापाशीं पक्का परवाना आहे असा शिकविणारा सोडून दुसरें कोणीहि मागें बसवावयाचें नाहीं. शिकविणाऱ्याची निवड विचारपूर्वक करावी. जो अत्यंत वेगानें चालवितो तो उत्तम शिकवितो, ही समजूत खोटी आहे. ज्याला दहा वर्षांत पोलिसानें अडविलें नाहीं व ज्याच्या मागें बसावयास आजी तयार होते, तो शिक्षक.

पहिल्या आठवड्यांत इंजिन फारसें सुरूच करूं नये. बंद गाडी हातानें ढकलावी, वळवावी, स्टँडवर घ्यावी, उतरवावी. शंभर-सव्वाशे किलोचें ओझें कोणत्या कोनानंतर हाताला आवरत नाहीं, हें शरीराला कळूं द्यावें. मग पहिल्या गिअरमध्यें सरळ रेषेंत वीस पावलें जावें व थांबावें. क्लच एकदम न सोडतां, इंजिनाची ओढ चाकाला लागूं लागते तो बिंदु डाव्या हाताच्या बोटांनीं ओळखावा. गिअरच्या मोटारसायकलचें निम्में शास्त्र ह्या एका बिंदूंत आहे. बिनगिअरच्या स्कूटरीला क्लच नसतो; तेथें उजव्या मनगटाचा संयम व डाव्या हातांतील मागचा ब्रेक ह्यांवर सर्व भिस्त.

दुसरा आठवडा ब्रेकचा. आपल्याकडे मुलांना पहिला उपदेश होतो तो "पुढचा ब्रेक लावूं नकोस, उलटशील" असा. हा उपदेश अर्धसत्य आहे. गाडी थांबूं लागली कीं भार पुढच्या चाकावर येतो, आणि म्हणूनच थांबविण्याची अधिक शक्ति पुढच्याच ब्रेकांत असते. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा एकदम न आवळतां दाबत दाबत, हीच रीति बरोबर. हँडल वळलेलें असतांना, किंवा चाकाखालीं बारीक खडी अथवा चिखल असतांना मात्र पुढच्या ब्रेकास जपून हात लावावा. २०१९ सालापासून १२५ सी.सी.वरील नव्या दुचाक्यांस चाक अडकूं न देणारी 'एबीएस' ही योजना सक्तीची झाली, व त्याहून लहान गाड्यांस दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची. परंतु योजना गाडीला असली तरी सवय हाताला असावी लागते.

तिसरा आठवडा आठच्या आंकड्याचा. दुचाकीच्या परीक्षेंत उमेदवाराला जमिनीवर पाय न टेकतां आठचा आंकडा काढावयास लावतात, हें आपल्याकडे शाळकरी मुलालाहि ठाऊक असतें. आणि पुष्कळांना ती सर्कशींतली कसरत वाटते. तिचें मर्म असें कीं वेगानें जाणारी दुचाकी बरीचशी स्वतःच स्वतःला सांवरते. चाक ज्या बाजूस कलतें त्या बाजूस थोडें वळून तोल राखतें. गति मंदावली कीं हा गुण नाहींसा होत जातो, आणि तोल राखण्याचें सर्व काम चालकावर येऊन पडतें. म्हणून जोरानें चालवितां येणें हा गाडीचा गुण आहे. हळू चालवितां येणें हा माणसाचा. अधिकारी आठच्या आंकड्यांत माणूस पाहतो, गाडी नव्हे.

त्याचा अभ्यास असा करावा. मोकळ्या मैदानांत चुन्यानें दोन मोठीं वर्तुळें एकमेकांस चिकटून काढावीं. आमच्याकडे हें काम घरांतील बायकांनीं केलें, आणि रांगोळीच्या सवयीनें तें पुरुषांहून सुबक केलें. पहिले दोन दिवस मोठीं वर्तुळें, मग रोज थोडीं लहान. वेग चालत्या माणसाच्या बेताचा. ॲक्सिलरेटर एकाच जागीं किंचित् उघडा ठेवून, क्लचची ओढ अर्धवट राखून, मागचा ब्रेक हलकासा लावून गाडी आवरावी. पुढच्या ब्रेकला हात लावूं नये. मुख्य गोष्ट दृष्टीची: चाकाखालच्या चुन्याकडे पाहूं नये, वर्तुळाच्या पुढच्या भागाकडे, जेथें जावयाचें तेथें, मान वळवून पाहावें. दृष्टि जिकडे, गाडी तिकडे. खड्ड्याकडे पाहत राहणारा खड्ड्यांतच जातो, हा नियम मैदानापुरता नाहीं.

चौथा आठवडा रस्त्याचा, आणि आमचे रस्ते शिकवावयास समर्थ आहेत. पेणहून रोहें सुमारें ४० किलोमीटर. वडखळला अलिबागचा फांटा फुटतो. तेथपासून नागोठण्यापर्यंत मुंबई-गोवा महामार्ग, आणि नागोठण्यावरून रोह्यास येतांना भिसे खिंडीचा चढ-उतार. महामार्गावर नवशिक्यानें जाण्याचें कारण नाहीं. परंतु परीक्षेच्या नियमांत चढावर थांबून मागें न घरंगळतां पुन्हां निघणें व उतारावर वेळीं खालचा गिअर घेणें हीं दोन्हीं सांगितलेलीं आहेत, आणि त्यांचा सराव सपाट मैदानांत होत नाहीं. घराजवळच्या एखाद्या निवांत चढावर, शिकविणारा मागें बसलेला असतांना, तो करावा. मग सकाळीं लवकर गांवांतून एक फेरी. पुढें बाजाराच्या वेळीं. रोह्याला धाटावच्या कारखान्यांची पाळी सुटते तेव्हां रस्त्यावर जी वर्दळ उसळते, ती पाहूनच पुष्कळ शिकतां येतें. पेणला गणेशोत्सवापूर्वीं मूर्ति घेऊन निघालेल्या गाड्यांमागून चालतांना धीर म्हणजे काय तें कळतें.

येथें शाळेंतलें थोडें गणित उपयोगी पडतें. ताशीं ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत ११ मीटर जाते. ताशीं ६० ची जवळ जवळ १७. समोर गाय आली हें डोळ्यांनीं पाहून हातानें ब्रेक दाबीपर्यंत सेकंदभर तरी सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वींच एवढें अंतर संपलेलें असतें. पुढें थांबण्यास लागणारें अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतें: ३० चा वेग ६० झाला तर तें दुप्पट न होतां चौपट होतें. पावसाळ्यांत ओला डांबरी रस्ता, त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनीं आणलेला चिखल, पुलांच्या कडेचें शेवाळ ह्यांनीं तें आणखी लांबतें. हें गणित मुलाकडून वहींत करवून घ्यावें. "हळू चालव" ह्या शंभर उपदेशांचें काम एक उदाहरण करतें.

आमच्या घरीं गेल्या वर्षीं धाकटी सून व पुतण्या अशा दोघांनीं एकाच सुमारास ही परीक्षा दिली, तो अनुभव वाचकांस उपयोगी पडेलसा वाटतो. सून रोह्यापासून आठ-दहा किलोमीटरवरच्या एका गांवीं शिक्षिका आहे. शाळेच्या व एस्.टी.च्या वेळा जमत नाहींत. संध्याकाळीं फांट्यावर तासतास उभें राहावें लागे. स्कूटरीचा विषय निघतांच घरांत दोन तट पडले. "पडली-बिडली तर तिच्या माहेरच्यांना काय तोंड दाखवायचं?" हा आमच्या मंडळींचा प्रश्न, आणि तो अवाजवी नव्हता. सून म्हणाली, "मामंजी, पडायचंच असेल तर आधीं मैदानांत पडतें. रस्त्यावर पडायचं नाहीं म्हणून तर शिकायचं." ह्या उत्तरानंतर विरोध उरला नाहीं. तीस दिवसांत ती मैदानांत दोनदां पडली, गुडघा खरचटला, हळद लागली, आणि काम पुढें चाललें. तिच्या सासूबाई रोज मैदानाच्या कडेला मुलाला घेऊन बसत, आणि आंकड्यांत पाय टेकला कीं मोठ्यानें मोजीत. परीक्षेपेक्षां ती मोजणी कडक होती.

पुतण्या अठरा वर्षांचा, सायकलवर वाढलेला, हात उत्तम. त्यानें मैदानाचा कंटाळा केला. पेणला परीक्षेच्या दिवशीं आंकड्याच्या दुसऱ्या वर्तुळांत त्याचा पाय टेकला आणि तो नापास झाला. सून उत्तीर्ण झाली. घरीं येऊन तो म्हणाला, "काका, एकदांच टेकला हो!" मी म्हटलें, "अपघात तरी रोज कोठें होतो? एकदांच होतो." त्याच सुमारास गांवांतील एका परिचित गृहस्थानें पुन्हां परीक्षेची दगदग न करतां काम उरकण्याची वाट सुचविली. मुलाचे डोळे चमकले. त्याच्या वडिलांनीं मात्र शांतपणें विचारलें, "परीक्षेला तोतया बसवून मिळालेल्या पदवीचा डॉक्टर तुझ्या आईवर शस्त्रक्रिया करणार असेल तर चालेल का?" विषय तेथेंच संपला. नापास झालेल्यास सात दिवसांनंतर पुन्हां बसतां येतें. तीनदां नापास झाल्यास शेवटच्या परीक्षेपासून साठ दिवस थांबावें लागतें. पुतण्यानें रोज एक तास चुन्याचा आंकडा गिरवला व दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला. आतां तो गांवांत जितका हळू जातो तितका पूर्वीं जात नसे.

पुढें भाद्रपदांत एके दिवशीं सून कपड्यांच्या घड्या घालतां घालतां सहज म्हणाली कीं, शाळेहून येतांना वळणावर एकाएकीं वासरूं आडवें आलें. दोन्ही ब्रेक लागले, गाडी सरळ थांबली, वासरूं निघून गेलें. एवढेंच. ऐकून तिच्या सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत. उठून देवापाशीं गेल्या.

प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवसाविषयीं थोडक्यांत. आपल्या रायगड जिल्ह्याचें, म्हणजे १९८१ पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्याचें, परिवहन कार्यालय पेणला आहे, 'एम्.एच्. ०६' हा क्रमांक त्याचा. पनवेलकडच्या भागासाठीं ४६ क्रमांकाचें वेगळें कार्यालय आहे. तारीख आधीं ठरवून जावें. शिकाऊ परवाना, गाडीचें नोंदणीपत्र, विमा व प्रदूषण-प्रमाणपत्र मुदतींत असल्याचें आदल्या रात्रीं पाहावें. ज्या वर्गाचा परवाना हवा त्याच वर्गाची, आपल्या हाताच्या सवयीची गाडी न्यावी. मित्राची नवी गाडी नेऊं नये. गाडीवर बसण्यापूर्वीं शिरस्त्राण बांधावें, आरसे जुळवावे, स्टँड वर घेतल्याची खात्री करावी. निघतांना मागें पाहणें, वळण्यापूर्वीं आरसा व मग इशारा, डाव्या बाजूनें चालणें, पादचाऱ्यास आधीं जाऊं देणें, हीं सर्व नियमांत लिहिलेलीं आहेत. त्याच यादींत इतर वाटसरूंविषयीं सौजन्य दाखविणें हेंहि आहे. सौजन्य हा परीक्षेचा विषय असलेली सरकारी परीक्षा मला तरी दुसरी ठाऊक नाहीं.

परवाना मिळाल्यावर घराचें काम संपत नाहीं. तीस वर्षांखालील व्यक्तीस परवाना वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत मिळतो. इतक्या दीर्घ काळांत दुसरा कोणी परीक्षक भेटत नाहीं. म्हणून कांहीं नियम घरानेंच पाळावयाचे. पहिला शिरस्त्राणाचा. कायद्याप्रमाणें चार वर्षांवरील प्रत्येकास, मागें बसणाऱ्यासहि, तें आवश्यक आहे. जून २०२१ पासून भारतीय मानकाची खूण असलेलींच शिरस्त्राणें विकतां येतात. जगांतील अनेक अभ्यास एकत्र तपासून असें आढळलें आहे कीं शिरस्त्राणानें मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा संभव सुमारें ४२ टक्क्यांनीं व डोक्याच्या इजेचा सुमारें ६९ टक्क्यांनीं घटतो. २०२२ सालीं शिरस्त्राण न घातलेले ५०,०२९ लोक आपल्या देशांत दगावले, आणि त्यांत १४,३३७ मागें बसलेले होते. पाठीमागें पदर सांवरून बसणाऱ्या आपल्या घरच्या स्त्रियांनीं हा दुसरा आंकडा विशेष लक्षांत ठेवावा. दुसरा नियम लेंकरांचा. चार वर्षांखालील मूल गाडीवर न्यावयाचें तर त्यास चालकाशीं बांधणारा पट्टा व त्याच्या मापाचें शिरस्त्राण हवें, आणि वेग ताशीं ४० किलोमीटरच्या आंत. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून अमलांत आला. तिसरा नियम असा कीं, चालकामागें एकच माणूस. नातवाला पुढें, सुनेला मागें व मधें पिशवी घेऊन देवदर्शनास निघालेला संसार चित्रांत शोभतो, रस्त्यावर नव्हे.

आपण मुलांस मौजीबंधनांत दण्ड देतों, मेखला बांधतों. त्यांचा अर्थ स्वतःला आवरणें हाच. हल्लींच्या काळांत मुलामुलींच्या हातीं खरी शक्ति प्रथम येते ती बहुधा दुचाकीच्या रूपानें. त्या शक्तीबरोबर आवरण्याची विद्या त्यांस देणें हें काम पेणच्या अधिकाऱ्याचें नाहीं, आपलें आहे. ज्यांच्या घरीं यंदा कोणी हा अर्ज करणार असेल, त्यांनीं शिकाऊ परवान्याच्या तारखेपासून पुढचे तीस दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावे, चुन्याची एक पिशवी आणावी, आणि संध्याकाळचा एक तास घरांतील एका वडील माणसानें मैदानाच्या कडेला बसावें. पाय टेकला तर मोठ्यानें मोजावें.